‘थांबलो’ की ‘थांबले’

लिहून ठेवणार बोहुमिर काल्वाख, वय बासष्ट, राहणार ब्रनो, ‘कोमिन’ या रॉक बँडचा एकेकाळचा ड्रमर. हृदयाचा ठेका आता यंत्र धरते. डोके मात्र माझे स्वतःचे आहे आणि ते ठिकाणावर आहे. झोप नाही. वर्षातले हे तिसरे मृत्युपत्र. आधीची दोन्ही रद्द. त्यांत मी खोटे लिहिले होते.

१. राहते घर व बचत भाची ओतिलिए हिला. माझी पुस्तके तिने विकू नयेत. वाचणार नसेल तर वाचणाऱ्याला द्यावीत.

२. ड्रम संगीतशाळेला. गिटारवाल्या कामिलला काहीही देऊ नये. बँड आपणच काढला असे तो मुलाखतींत सांगत फिरतो. तेवढी मिळकत त्याला पुरे.

३. तळघरात काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे एक टेप आहे. ती द्राहोमिरा फियालोवा हिची, तिलाच द्यावी. आमची गाणी तिने लिहिली, तिनेच गायली. १९७९ साली ती कम्युनिस्ट राजवटीतून पळून व्हिएन्नाला गेली. पुढच्याच वर्षी आमच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह निघायचा होता. रेकॉर्ड कंपनीतले साहेब म्हणाले, “बाईंचं नाव नको, आवाज नको. गाणी मात्र तीच हवीत. तुम्हीच गा की! क्रियापदं तेवढी पुरुषी करा, कोण विचारतंय?” मी गायलो. मूळ टेप पुसल्याचे लिहूनही दिले. पुसली नाही, एवढेच माझे शौर्य.

४. त्या संग्रहातल्या ट्रामच्या गाण्यात सगळीकडे ‘मी थांबलो’ आहे, एकाच ओळीत ‘मी थांबले’. तपासणाऱ्यांच्या कानांतून ते निसटले, लोकांच्या नाही. कार्यक्रमांत मिशीवाले पुरुष त्या ओळीला ‘थांबले’ म्हणून गर्जत. राजवट कोसळल्यावर, नव्वद साली भर चौकात मी भाषण ठोकले: “त्यांनी एका बाईचा आवाज पुसला, त्यांच्या नाकावर टिच्चून मी तिचं क्रियापद राखलं!” टाळ्या थांबेनात. द्राहोमिराचा फोन आला, “बोहुश, त्या एका शब्दात मी तिथे राहिले रे.”

ते भाषण खोटे. मी चुकलो होतो. तिच्या अक्षरातला कागद समोर होता. एक ओळ दुरुस्त करायची राहून गेली. सत्तेने माणसे पुसली हे खरे. त्या पुसण्याला मी गळा दिला, हेही तितकेच खरे.

५. संग्रह पुन्हा निघतो आहे. त्यात तिचाच आवाज असावा, माझा एक सूरही नको. कलम चार माझ्या पश्चात तिला वाचून दाखवावे.

६. वरचे शेवटचे वाक्य रद्द. शेजारीण व्लास्ताबाई साक्षीच्या सहीला वाकल्या आणि म्हणाल्या, “मेल्यावर काय सांगताय? फोन उशाशी आहे ना? की तोही लोणच्यात घालून ठेवायचाय?” मी दोघा साक्षीदारांदेखत फोन लावला. सगळे सांगितले.

ती म्हणाली, “गाढवा, हिंमत केली असतीस तर सगळ्याच ओळी तशा गायला असतास. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले.”

टेप घेऊन ओतिलिए उद्या सकाळच्या गाडीने व्हिएन्नाला निघते आहे. कलम तीनमधून टेप वगळावी.

सही: बोहुमिर काल्वाख
साक्षीदार: व्लास्ता येराबकोवा, शेजारीण; ह्युगो स्त्रनाद, निवृत्त ट्रामचालक
ब्रनो, १४ मार्च २००३