उजव्या टोकाची जागा

सोमवार, ३ मार्च
बदलीच्या गावी आलो आणि पहिल्याच दिवशी मन रमलं. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्यात. खिडकी पूर्वेला, खाली फरशीचं अंगण. फळीवर आधी देव ठेवले, मग कॅमेरा. मुलीची परीक्षा संपली की सोळा तारखेला ती आणि तिची आई येतील. तोवर कचेरीनंतर वेळच वेळ. सोबत जुन्या फोटोंचे दोन डबे आणलेत. माझ्या या नादाला बायको सवत म्हणते. खालचे चष्मेवाले डबे चढवायला मदत करत होते. म्हणाले, एवढं ओझं बायकोचं असतं, तुमचं कसं हो?

बुधवार, ५ मार्च
इथल्या हौशी फोटो काढणाऱ्यांचा फोनवर गट आहे. चष्मेवाल्यांनी मला त्यात घेतलं. रोज एक जुना फोटो टाकायचं ठरवलंय.
आमच्या घरच्या फोटोंची रीत एकच. सगळ्यांना रांगेत उभं करायचं, उजव्या टोकाला एका माणसाची जागा सोडायची, टायमरची कळ ओढायची आणि तो घरघरतोय तोवर दहा सेकंदांत धावत जाऊन त्या जागेवर उभं राहायचं. मुलगी दर वेळी ओरडायची, बाबा, लवकर! शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, काढणाऱ्याची जागा आधी राखून ठेवावी. आजच्या फोटोत मी धापा टाकत हसतोय. गटात कौतुक झालं.

शुक्रवार, ७ मार्च
आज आईचा शेवटचा फोटो टाकला. आई, बायको, कडेवर मुलगी. त्या दिवशी धावताना मी पायरीला ठेचकाळलो आणि पोचलोच नाही. जागा तशीच रिकामी राहिली. दुसरा काढू म्हटलं होतं. महिन्याभरात आई गेली.
फोटोखाली गमतीनं लिहिलं, उजवीकडची जागा रिकामी आहे, कुणाला यायचं असेल त्यानं खुशाल यावं. लोक हसले. नाव आणि चेहरा नसलेल्या एका सदस्यानं एकच शब्द लिहिला. येतो.

रविवार, ९ मार्च
त्या फोटोत जागा रिकामी नाही.
माझ्याच वयाचा एक माणूस उभा आहे. पांढरा सदरा, नीट विंचरलेले केस, धाप नाही. आईचा हात त्याच्या दंडावर आहे. कुणीतरी फोनवर कारागिरी केली असेल असं वाटलं, म्हणून मूळ फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली. फिल्ममध्येही तो आहे.

मंगळवार, ११ मार्च
दोन्ही डबे उपसले. प्रत्येक फोटोत उजव्या टोकाला तोच. मी कुठंच नाही.
गटात टाकलेल्या फोटोंतही तोच. गटप्रमुखांनी सगळ्यांदेखत विचारलं, दुसऱ्याचा संसार आपला म्हणून मिरवताना लाज नाही वाटत? कुणीतरी लिहिलं, बायकामुलींचे फोटो चोरणाऱ्याचे हात तोडले पाहिजेत. मग मला काढून टाकलं. चष्मेवाल्यांनी मान वर केली नाही. काच पुसता पुसता एवढंच म्हणाले, ज्यांनी खोल्या घेतल्यात ते रविवारी येतायत, त्याआधी बाहेर पड.
मला तू म्हणाले. पहिल्यांदाच.

गुरुवार, १३ मार्च
कचेरीत माझ्या खुर्चीवर पांढरा सदरा होता. हेडक्लार्क मला म्हणाले, बाहेरच्यांनी खिडकीतून बोलायचं. शिपाई हसला.
बायकोला फोन केला. कोण बोलतंय, तिनं विचारलं. मी सांगितलं. आईचा फोटो सांगितला, ठेचकाळलो तेही सांगितलं. ती म्हणाली, हे आत मुलीचं गणित घेतायत, पुन्हा फोन आला तर पोलिसांत जाईन. इथं खुर्चीवर तो, तिथं घरातही तोच.
मागे मुलगी हसत होती. तशी ती फक्त माझ्याशी हसते.

शनिवार, १५ मार्च
दिवसभर नामस्मरण. ओठांवर देवाचं नाव येतं. माझं येत नाही.
भर दुपारी फळीवरचा कॅमेरा घरघरला. टायमर आठ वर्षांपासून बंद आहे—

रविवार, १६ मार्च
आले. अंगणात तिघं.
फळीवर कॅमेरा नाही. खाली स्टँडवर आहे.
दाराला बाहेरून कडी. हाका मारल्या— बायकोनं वर पाहिलं. पदर सावरला, मुलीला जवळ ओढलं. चष्मेवाल्यानं माझ्यावर दगड उगारला.
दोघी रांगेत. उजव्या टोकाला जागा सोडलीय. एकाच माणसाची.
त्यानं कळ ओढली. घरघर—
मुलगी ओरडली, बाबा, लवकर!
तो धावला.
दहा सेकंद. कुणाला ही वही सापडली तर कळावं, म्हणून माझं नाव इथं लिहून ठेवतो. माझं नाव