माझं बोलणं कुठे राहतं, त्याचा फोटो

ती. ताईस,

सध्या डोकं फार वाकवू नका असं सांगितलंय, म्हणून या वेळचा नमस्कार ताठ मानेनेच केलेला स्वीकारावा. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? (चौकशी मनापासून आहे, आजारी माणसाला दुसऱ्यांचे आजार ऐकून बरं वाटतं.)

माझ्या डोक्यात डाव्या बाजूला गाठ आहे, हे तुला फोनवर कळलंच. ती काढण्याआधी बोलण्याची जागा नेमकी कुठे आहे ते शोधायचं, म्हणून मला एका मोठ्या मशीनच्या बोगद्यात आडवं घातलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं, आणि मशीन ते टिपतं. मशीनवरच्या बाईंनी बजावलं, की आम्ही अक्षर सांगू, त्यावरून सुरू होणारे शब्द मनातल्या मनात म्हणायचे, ओठ हलवायचे नाहीत, डोकं तर मुळीच नाही. तुझ्या भावजयीने त्यांना विचारलं, ही सोय घरी बसवून मिळते का.

आता जन्मभर मी जुन्या सामानाचा लिलाव पुकारला. बोली आली की मान हलवून ती पक्की करायची, ही सवय हाडात मुरलेली. 'क' आला. कपाट सुचलं, मान हलली. कंदील सुचला, मान हलली. कढई, कुलूप, कात्री... (सगळं विकाऊ; करुणा, कल्पना असलं एकही नाही.) बाहेर येऊन पाहतो तर चित्रांचा पार बट्ट्याबोळ. बाईंनी कपाळावरचा पट्टा आवळला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या खेपेला मी एकही शब्द विकला नाही, नुसते मांडून ठेवले.

मग सर्जननी पडद्यावर चित्र दाखवलं. करडी गाठ, आणि तिला खेटून एक केशरी ठिपका. म्हणाले, हे तुमचं बोलणं. तुझी भावजय पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, "एवढुसंच?" मला हसू आलं आणि लगेच रडूही. तिने माझा हात धरला तो लिफ्ट खाली येईपर्यंत सोडला नाही.

वाट आता ठरली आहे. गाठीत पलीकडून शिरायचं आणि ठिपक्याला लागलेली कड तशीच सोडायची. तरीही बोलणं शाबूत राहील असा शब्द सर्जन देत नाहीत. माणूस प्रामाणिक आहे, पण थोडं खोटं बोलला असता तरी चाललं असतं. ताई, मरणाची वाटत नाही एवढी भीती मला मुकं होऊन जगण्याची वाटते.

बाकी सर्व ठीक. काळजी करू नये. येण्याची तसदी तर मुळीच घेऊ नये, इथे माणसं भरपूर आहेत.

तुझा,
धाकटा

ता. क. : ऑपरेशन गुरुवारी आहे. तसदी घे. मी शुद्धीवर येईन तेव्हा तू समोर हवीस. बाकीचे सगळे हळू आणि गोड बोलतील. त्यांना उत्तर नाही दिलं तरी चालून जातं. तू भांडण काढ. वडिलांची खुर्ची मी ढापली असं तू म्हणतेस ना, तिथून सुरू कर. तुझ्यापुढे मी आजवर कधी गप्प बसलेलो नाही.

आणखी ता. क. : उत्तर आलं नाही तर थांबू नकोस. माझी बाजूही तूच मांड, तुला ती पाठ आहे. फक्त या वेळी मला जिंकू दे.