टाकळ्याची काळी कापी

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझी आठवण काढणारी आता मीच उरलेय, आणि मलाही लोक अधूनमधून विचारतात, म्हातारे, अजून हायस का. हाय. अक्षर तू शिकली नाहीस, मीही नाही, म्हणून हे माझी नात लिहून घेतेय. ती महाडच्या कॉलेजात रसायनं शिकते. मी बोलते तसंच लिही, सुधारू नको, असं तिला बजावलंय. तरी लिहिता लिहिता ती मधेच थांबते आणि माझ्याकडे बघून गोड हसते. तेव्हा समज, काहीतरी सुधारलं.

तिचं सध्या एकच चाललंय. कॉफी, तुळशीचा काढा, गवती चहा आणि आपली टाकळ्याच्या बियांची कापी, ह्यांत अंगाला राखणारा गुण किती आहे ते तपासायचं. मला तिनं समजावलं ते असं, की माणसाच्या अंगात काही दांडगे हिंडत असतात, जोडीदार तुटलेले, एकटे, आणि दिसेल त्याला ओरबाडत सुटतात. झाडपाल्यातला हा गुण आपल्यातलं थोडं काढून त्यांना देतो, मग ते गप बसतात. मी म्हटलं, बाय, ह्यातला एक मला माहीत हाय, शिमग्याला मुंबईहून एष्टीनं यायचा. ती हसली, तिला थट्टा वाटली. मग मी विचारलं, आणि जो देतो त्याचं काय होतं? म्हणाली, तो थोडा मोडतो, पण दुसऱ्याला ओरबाडत नाही.

तर तिनं माझ्याकडून भाजलेली बी मागून नेली. आमच्या पणजीची पद्धत म्हणून सगळ्यांना सांगितलं आणि मलाही बघायला घेऊन गेली. उंच स्टुलावर बसवलं, कशाला हात लावू नको म्हणाली, जशी काय मी तिची नात. समोर काचेच्या नळ्या, सगळ्यांत जांभळं पाणी. एकीत कॉफीचे थेंब टाकले, जांभळं उतरत उतरत पिवळं झालं. गुण जितका जास्त तितकं पिवळं, असा हिशोब. दुसरीत तिनं स्वतः तांबूस भाजलेली टाकळ्याची कापी टाकली, तीही पिवळी. मग माझी टाकली, तू शिकवलेली, कोळशासारखी काळी. जांभळं जरासं फिकटलं आणि तिथंच राहिलं. "आजी, तुझी नापास गो," ती म्हणाली. मी वाकून नळीत बघायला लागले. कारण तो रंग माझ्या ओळखीचा होता. तुझ्या डाव्या गालावर असायचा. आधी जांभळा, मग कडेनं हिरवट, मग पिवळा. पिवळा झाला की तू पदर मागं सारायचीस आणि पाण्याला जायचीस.

घरी आल्यावर पोरीनं विचारलं, पणजी एवढी काळी का भाजायची? तिला तिच्या प्रबंधात लिहायचं होतं, की पोलादपूरकडच्या वाड्यांत बी काळी होईपर्यंत भाजण्याची परंपरा आहे. आजवर हा प्रश्न कुणी विचारला की मी काहीतरी चेष्टा करून टाळायचे. पण परंपरा म्हटल्यावर मला राहवेना. आये, वाडीतल्या बाकीच्या बाया तांबूसच भाजायच्या, आणि त्या शिमग्यापर्यंत तूही तांबूसच भाजायचीस. ती परंपरा नव्हे, ती एक दुपार होती.

मी लहान आहे, कणगीमागं बसलेय. तू चुलीवर खापर ठेवलंयस, पळीनं बी हलवतेयस. बाबा सकाळच्या एष्टीनं आलेत, घाट चढून, आंबेनळीच्या वळणांनी डोकं फिरलेलं, आणि पोटात वाटेतली दारू. त्यांना मुंबईच्या हॉटेलातली कॉफी हवी होती. तू पेला पुढं केलास तर पहिला घोट तुझ्या तोंडावर थुंकले. तू एवढंच म्हणालीस, की हितं हीच होते. मग त्यांनी तुझे केस धरले. पाटानं मारलं, पाट उभा चिरला तरी मारलं, मग लाथेनं. तुझा दात पडून राखेत गेला. तू ओरडत नव्हतीस, म्हणून ते आणखी मारत होते. आणि चुलीवर बी तशीच होती. ती तडतडली, तांबूस झाली, काळी झाली, पेट घ्यायला आली, धुरानं घर भरलं. बी जळते, बी जळते, असं म्हणत मी रडत होते. तुझ्याबद्दल रडायला हवं होतं, पण पोराचं डोकं जवळचं तेच धरतं.

दमल्यावर ते उंबऱ्यावर जाऊन बसले. तू उठलीस. मला वाटलं आता माहेरी जाशील, नाहीतर विहिरीकडं. तू खापर उतरवलंस, ती जळकी बी सुपात ओतलीस आणि जात्याला बसलीस. अजून ती घरघर माझ्या कानात आहे. तुझ्या ओठांतून रक्त जात्याच्या पाळूवर ठिपकत होतं आणि तू ते पदरानं पुसून पुन्हा मूठ टाकत होतीस. बाबा पाठमोरे ऐकत होते. कापी उकळलीस, पेला भरलास, आणि उंबऱ्याशी गेलीस तेव्हा डाव्या हातात कोयता होता.

"पी."

"जळलीय ती."

"पी. आजपासून ह्या घरात अशीच. आता चुलीपाशी हात उचललास तर तू झोपशील तेव्हा हे खापर बियांसकट तुझ्या तोंडावर ओतीन. मी झोपणार नाय."

त्यांनी तुझ्याकडं बघितलं, कोयत्याकडं बघितलं, आणि प्याले. तळाचा गाळसुद्धा.

त्यानंतर दर शिमग्याला, दर गणपतीला, खाली फाट्यावर एष्टीचा हॉर्न वाजला की तू खापर चढवायचीस. ते चढण चढून येईपर्यंत जळका वास उतारावर पसरलेला असायचा. ते फणसाखाली थांबायचे, बिडी ओढायचे, मग हळू पायांनी वर यायचे. शेजारणी एकमेकींना सांगायच्या, दादला आला गो तिचा, बी जळतेय. मारायचं थांबले असं नाही. अंगणात मारायचे, गोठ्यात मारायचे. चुलीपाशी कधी नाही. म्हणून तू जन्मभर चुलीपाशी राहिलीस. लोक म्हणायचे, काय हौशी सुगरण आहे.

मला तुडीलला दिलीस तेव्हा ते खापर माझ्या हातात ठेवून म्हणालीस, धूर होईपर्यंत भाजत जा. का ते सांगितलं नाहीस, मला सांगायची गरजही नव्हती. मी भाजत राहिले. आणि माझा नवरा, आये, त्या माणसानं कोंबडीवरसुद्धा कधी हात उचलला नाही. सावित्री नदीच्या काठची चार वाफ्यांची भाजी, संध्याकाळी भजन, एवढंच त्याचं जग. तो सकाळ-संध्याकाळ ते कडू जहर मुकाट पीत राहिला. एकदाच पेला ठेवता ठेवता म्हणाला, "आमच्यावर कसला गो राग?" मी म्हटलं, आमच्याकडं अशीच करतात. त्याला ते पटलं. तोही ती परंपराच समजून गेला.

हे सगळं पोरीनं आता लिहून घेतलंय. मघापासून ती सुधारत नाहीये, नाकानं सूं सूं करतेय. तिनं विचारलं, मग आजी, प्रबंधात काय लिहू? मी म्हटलं, परंपरा खोड. तांबूस लिही, वाडीतल्या बाया भाजायच्या तशी. काळीबद्दल जगाला सांगायचं काही नाही, ते औषध फक्त एकाच माणसासाठी होतं, आणि तो मेला.

काल मी तुझं खापर काढलं. गॅसवर नीट बसत नाही, कलतं. बी तांबूस झाली, पोर म्हणाली, आता उतरव. हातानं उतरवेना. कान फाट्याकडं लागले होते, हॉर्न वाजतो का बघत. तुडीलला कुठला आलाय तो फाटा. तेवढ्यात एका बीला काळा ठिपका दिसला आणि मी उतरवलं. दळली, उकळली, गूळसुद्धा घातला नाही. एक पेला माझ्या ह्यांच्या फोटोपुढं ठेवला, एक मी प्याले.

हा कागद पाठवायचा तरी कुठं, तिथवर एष्टी जात नाही. राहील घडी करून फळीवर खापराखाली, म्हणजे ते कलायचंही थांबेल. जाता जाता एकच सांगते. कापी तुझ्यापेक्षा चांगली झाली गो, आये. हे शेवटचं वाक्य मी पोरीला खोडायला सांगितलंय. खोडलं की नाही, मला कुठं वाचता येतंय.