मावशीनं ऐकावं असं काही

ट्यूनिस, ९ फेब्रुवारी

ती. मावशीस सप्रेम सलाम, वि. वि.

टोपली पोचली. हरिसाची चटणी नेहमीसारखी नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी, म्हणजे तुझी तब्येत ठीक आहे असं समजते. वडापवाला हम्दा आज नाबुलला परत निघालाय, त्याच्याबरोबर टोपली आणि हे पत्र. तू फोन उचलत नाहीस, मग करणार काय?

बातमी बरी नाही. नौफलदादाचा फ्रान्समधून, ल्योंहून फोन होता. म्हणाला, बाबा गेल्यापासून आई त्या घरात एकटी भिंतींशी बोलत बसते. एप्रिलमध्ये येतो, घर भाड्यानं देतो आणि तिला इकडे आणतो. मी म्हटलं, आधी तिला विचार तरी. तर म्हणे, ती नाहीच म्हणणार, म्हणून तर विचारत नाही! मुलगाच तुझा, मी काय बोलू? पण मावशी, तुला घर सोडायचं नसेल तर नुसत्या 'नाही'नं भागणार नाही. घर मुकं झालंय हे त्यानं पाहिलंय.

टोपलीत माझा जुना फोन आहे. त्यात तीन पॉडकास्ट भरलीत. हिरव्या खुणेवर बोट ठेवलं की माणसं बोलू लागतात. एक गुन्ह्यांच्या तपासाचं, एक मनःशांतीचं, आणि एक सफाक्सच्या दोन म्हाताऱ्या बहिणींचं. त्या गावोगावच्या लग्नांच्या गोष्टी सांगतात. तिन्ही मी भांडी घासताना ऐकलीत. नाही आवडली तर शिव्या टोपलीतून पाठव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी इनास


नाबुल, २१ फेब्रुवारी

चि. इनास हिला अ. उ. आ.

फोन मिळाला आणि पहिली अडचण उभी राहिली. मयताच्या घरात वर्षभर रेडिओ लावत नाहीत. तुझ्या काकांचा रेडिओ मी फडक्यात बांधून कपाटावर ठेवलाय. मग हे काय म्हणायचं, रेडिओ की नाही? शेजारची सलूहा निवाडा करायला बसली. तिचं म्हणणं, बंदी गाण्याला आहे, बडबडीला नाही. नाहीतर सांत्वनाला आलेल्या बायकांची तोंडं कधीच शिवावी लागली असती. पण तुझ्या प्रत्येक पॉडकास्टच्या सुरुवातीला मेले काहीतरी वाजवतातच! शेवटी तोडगा निघाला. मी बोट ठेवते, सलूहा फोन उशीखाली घालून वर बसते, आणि गाणं संपलंसं वाटलं की उठते. निम्मी गोष्ट तिच्या बुडाखालीच होऊन जाते.

तर आता शिव्या. गुन्ह्यांचं ऐकून घाबरले आणि दाराला दुसरी कडी बसवून घेतली. आता ज्या सुतारानं बसवली त्याच्यावरच संशय येतो. मनःशांतीवाली बाई इतकी हळू बोलते, जणू शेजारी बाळ निजलंय. म्हणाली, स्वतःला मिठी मारा. मारली. हात लसणाचे होते. त्या बहिणी मात्र झकास! सफाक्सची माणसं चिक्कू म्हणतात, पण यांच्या हसण्यात कंजुषी नाही. दोघी एकमेकींना एक वाक्य पुरं करू देत नाहीत. मी मध्येच त्यांना ओरडते की आधी थोरलीला बोलू द्या.

तुझे काका असताना रेडिओ सकाळपासून चालायचा आणि मी करवादायची, बंद करा ते तुणतुणं. आता घरात माणसाचा आवाज आला की बरं वाटतं गं. खोटं कशाला बोलू?

ल्योंला जाऊन मी काय करू? खिडकीतून बर्फ बघू? मला माझ्या अंगणात मरायचंय, आणि तेही इतक्यात नाही. असल्या बहिणी आणखी असतील तर धाड.

जेवत जा, आणि मावशीवरची माया अशीच असू दे.

तुझी मावशी मन्नूबिया


नाबुल, २ एप्रिल

चि. इनास हिला अ. उ. आ.

तू सुचवलेले पॉडकास्टवाले मासेमार आवडले. फेकतात फार, पण गोड फेकतात.

कडू नारिंगाला फुलं आलीत. यंदा फुलांचा अर्क काढायची भट्टी लावायचीच नाही असं मी ठरवलं होतं. हे फुलं निवडायला बसायचे आणि निम्मी वाऱ्यावर घालवायचे, त्यांच्याशिवाय मन होईना. पण सलूहा बहिणी ऐकायला आली ती आपली फुलं चादरीत बांधूनच. मग तिची जाऊ आली, मग समोरच्या घरातली नवी सून. फुलं निवडताना हात गुंतलेले, कान रिकामे. आता दुपारी अंगणात पाय ठेवायला जागा नसते. भट्टीसुद्धा लागली.

गुरुवारी नौफल येतोय. तू म्हणतेस तसं त्याला समजावून सांगायला मला जमायचं नाही. भीती वाटते. मुलानं हात धरून 'चल आई' म्हटलं, तर मी उठेन गं. हे मला माझं ठाऊक आहे.

दुवा कर. मावशीला विसरू नकोस.

मन्नूबिया


ल्यों, २० एप्रिल

चि. इनास हिस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. हे फोनवर सांगायला गेलो तर आवाज दगा देईल.

दोन रिकाम्या बॅगा घेऊन मी आईच्या दारात उभा राहिलो. दार सताड उघडं. आत अंगणभर पांढरी चादर, त्यावर फुलांचे ढीग, भोवती बायका, आणि सलूहामावशी एका उशीवर नेटानं बसलेली. उशीतून गाणं ऐकू येत होतं. मला वाटलं, सगळ्यांना उन्हाची बाधा झाली. मी सलाम केला तर सगळ्यांनी मिळून मला गप्प केलं, कारण कुठलातरी नवरदेव ऐन वेळी पळाला होता. आईनं माझ्या ओंजळीत फुलं ओतली आणि देठ काढायला बसवलं. तो भाग संपेपर्यंत कॉफीसुद्धा विचारली नाही. मग नवरदेवाचं बरोबर की चूक यावर भांडण जुंपलं आणि आई हसून हसून डोळे पुसत होती. बाबा गेल्यानंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, चल आई. ती लगेच उठली. खरंच उठली, ओढणी सारखी केली आणि विचारलं, मला तिथे माझ्यासाठी नेतोयस की तुझ्यासाठी? तिच्यासाठी असतं तर नाही म्हणणार होती. माझ्यासाठी असेल तर बॅग आण म्हणाली.

बॅगा रिकाम्याच परत आणल्या. खरं सांगू? बायको वेगळी झाल्यापासून भिंतींशी बोलतोय तो मी. आईचं घर भरलेलं आहे, इनास. माझं रिकामं आहे. जेवताना ऐकायला मलाही काहीतरी सुचव.

धाकटी असलीस तरी माझ्यावर नजर ठेव.

नौफल


नाबुल, ९ मे

चि. नौफल यास आईचे अनेक आशीर्वाद.

इनासनं इथे येऊन तुझं पत्र मला वाचून दाखवलं. तिच्यावर रागावू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

तुला बहिणींचं धाडणार होते. पण तू तोंडात घास घेऊन हसशील, ठसका लागेल, आणि पाठीवर थोपटायला तिथे कुणी नाही. म्हणून हे दुसरं धाडतेय. हे कुणाच्याच यादीत सापडायचं नाही. सलूहाच्या जावेनं मला आवाज भरायची युक्ती दाखवली. शुक्रवारी जेवणाला कुसकुस शिजवताना फोन कट्ट्यावर ठेवला. आधी बोलायचं काय तेच सुचेना, तेव्हा बराच वेळ नुसती भांडी वाजतात, नळ वाहतो, आणि एकदा मी मांजराला हाकलते. कंटाळून पुढे ढकलू नकोस, सगळं ऐक.

शेवटी मी तुला जेवायला हाक मारलीय. तेव्हा ताट वाढून बस.

तुझी आई