टिळ्याखालचं चित्र

प्रिय भरतदादा,

आमी पिंपरी पेंढारला सगळी खुशाल हाय, असंच लिवायचं असतं म्हणून लिवलं. फोन मधल्या घरात हाय, तिथं बोललेलं चुलीपतोर ऐकू जातं. म्हणून पत्र. मला भ्या वाटतंय दादा. पर आधी तू विचारलंस त्याचं सांगते, न्हायतर माझ्याच्यानं पुढं लिवणं व्हायचं न्हाय.

तुझ्या हापिसातनं निघालेला जुना कंप्युटर तू माझ्या संस्कृतीसाठी आणून दिलास, लिनक्स टाकून. त्यात तीन डेस्कटॉप, म्हंजे पडद्याची तीन रूपं, ठिवलेस आन् सांगितलंस, सुरू करताना एकेक निवड, वापरून बघ, जो बरा वाटंल तो ठिवू, बाकीचं दोन काढू, म्हंजे म्हाताऱ्या मशिनीला वझं व्हायचं न्हाय. केडीई, जीनोम आन् एक्सएफसीई, अशी नावं चिठ्ठीवर दिलीस. मी सातवीतनं घरी बसलेली, ती नावं तोंडात बसंनात. मी आपली नटवी, मधली आन् साधी म्हणते.

नटवी लई देखणी. निळं आभाळ, चकचकीत चित्रं, पर उघडायला इतका वेळ की तवर माझं पीठ मळून व्हतं. तुझं दाजी म्हणले, तुझ्या भावानं म्हाताऱ्या बैलावर नवी झूल घातलीय. मधलीत वर पट्टी, खाली पट्टी, सगळं बारीक. साधीत काय बी न्हाय, कोरी पाटी, पर लगेच उघडती.

दसऱ्याला आत्याबाईंनी विळा, खुरपं, पाण्याची मोटर, सगळ्यासंगं कंप्युटर बी पुजला. काचेवरच कुंकवाचा मोठा टिळा लावला आन् पुसायचा न्हाय म्हणल्या. नटवीत रंगवायच्या खेळाचं चित्र बरोबर त्या टिळ्याखाली यायचं. संस्कृती त्याच्यावर नेमकं बोट ठिवायची, मी माउसनं दाबायची. आत्याबाई शेजारच्या झुंबरबाईला हाक मारून मारून दाखवायच्या, माझी नात मामावर गेलीय म्हणायच्या. मला तर लई हलकं वाटायचं. कारण तिन्हीसांजंला ती उंबऱ्याला अडखळती, ताटातली फोड चाचपून घेती, आन् सगळी तिला वेंधळी म्हणत्यात. मी मनात म्हणायची, एवढं बारकं चित्र दिसतंय, म्हंजे डोळं चांगलं हायेत.

मधलीत मातर तिला खेळ सापडायचा न्हाय. चित्र दुसरीकडं व्हतं. मला वाटलं हट्ट करती. मग दिवाळीची झाडलोट काढली, वल्या फडक्यानं काच पुसली आन् टिळा गेला. त्या दिवशी नटवीच चालू करून दिली. पोरीनं काचेला नाक लावलं, बोट हिकडं तिकडं फिरवलं. चित्र तिथंच व्हतं, कुठं गेलं नव्हतं. मला म्हणली, "आई, टिळा कुठं गेला? खेळ त्याच्याखाली असतो ना?"

मग मी साधी उघडली. तू शिकवलं तसं मागं सगळं काळं केलं, चित्रं व्हतील तेवढी मोठी केली, खेळाचं चित्र मुद्दाम दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. तिनं दमानं शोधलं, पर बोट बरोबर ठिवलं आन् हसली. नटवीत बी काळं करून बघितलं, पर ती उघडंस्तवर पोरगी कंटाळून उठती. तवा साधीच ठिव, बाकीच्या दोघी काढ.

आता खरं लिवते. डेस्कटॉपसाठी पत्र कोण लिवतंय दादा. तुला आपली कळंबची चिमामावशी आठवत असंल. ती बी आधी दिवेलागणीला भिंत धरून चालायची, सगळी तिला वेंधळीच म्हणायची. मग पुढं आपण तिचा हात धरून रस्ता वलांडायचो. हे इथं कुणाला ठाव न्हाय. दाजींना सांगायला तोंड उघडते आन् भाकरी वाढू का म्हणून इचारते. तू भाऊबीजेपतोर थांबू नगं. आधीच ये, दाजींना माझ्यासमोर तूच सांग, आन् आमाला पुण्याला डोळ्याच्या डाक्टरकडं ने. ओवाळणीला साडी आणू नगं, एवढंच कर. लवकर धरलं तर काय तरी व्हत असंल ना? चिमामावशीला कुणी नेलंच नव्हतं. काल आत्याबाई काचेवर पुन्हा टिळा लावाया आल्या, तवा मी पहिल्यांदाच त्यांचा हात धरला. त्या रागावल्या. रागावू दे. टिळ्यावाचून तिला कुठवर दिसतंय, ते मला रोज बघायचंय.

एसटीच्या आवाजाला दारात येणारी,
तुझीच
स्नेहल