लिव्याथान अजून मेलेला नाही

हैफा,
६ सप्टेंबर १९९८

प्रिय शाल्तिएल,

नवं वर्ष तुला आणि पेर्लाला सुखाचं जावो. गुडघे सोडले तर मी ठीक आहे. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सहाला जाग येते आणि मग दिवस संपता संपत नाही. खालच्या अंगणातला अंजीर यंदा फार लागलाय. शेजारी पिशव्या भरून आणून देतात. एकटी किती खाणार?

पस्तीस वर्षांनी पत्र कशाला, असं म्हणशील. एक काम आहे.

हा एलूल, आपल्या वर्षाचा शेवटचा, माफी मागायचा महिना. ज्याचा अपराध केला, तो गेला असेल तर दहा पुरुषांना घेऊन त्याच्या कबरीवर माफी मागायची, हे मी तुला सांगायला नको. मला बाबांच्या कबरीवर जायचंय.

माणसं जमवतानाच दमले. भाजीवाल्या निसीमला विचारलं, तो माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "बाई, धर्मशास्त्रात मला दोनदा नापास केलंत. आता देवापुढे माझी साक्ष चालेल का?"

"नुसतं तोंड मिटून उभं राहायचंय. तेवढं जमेल तुला."

"माफी कोणाची?"

"वडिलांची."

मग त्याने पिशवीत एक वांगं जास्तीचं टाकलं.

दफनाच्या दिवशी तू म्हणाला होतास, "बाबांच्या तोंडचा शब्द काढून घेतलास तू." मी म्हटलं होतं, मी खरं तेच सांगितलं. इतकी वर्षं मी तेच म्हणत आले.

दफनाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. दारियोला जाऊन आठ महिने झाले होते. बोट परत आली, आपला भाऊ आला नाही. सुक्कोतच्या, मांडवांच्या सणाच्या, शेवटच्या दिवशी फांद्यांच्या मांडवातून बाहेर पडताना बाबा नेहमीचंच म्हणाले, पुढल्या वर्षी लिव्याथानच्या कातड्याच्या मांडवात बसायला मिळो. दरवर्षी पुटपुटायचे. त्या वर्षी मोठ्याने म्हणाले. समुद्रातला तो साप देव एक दिवस मारील आणि त्याचं मांस सज्जनांच्या पानात वाढील, एवढ्यावर बाबांसारखा बंदरातला हमाल दिवस काढत होता.

आणि मी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. म्हटलं, "बाबा, तो साप आपला नाहीच. आपल्या आधी इथे राहणाऱ्या कनानी लोकांचा आहे. सीरियात उगारित या जुन्या शहरात मातीच्या पाट्या सापडल्यात, त्यांत त्याचं नाव आहे, वेटोळी आहेत, सात डोकी आहेत. त्यांच्या बआल देवाने त्याला केव्हाच मारलाय. आपल्यांनी ती गोष्ट उचलली."

बाबा थांबले. "मेलाय? मग माझ्या दारियोला कोणी नेलं?"

"वाऱ्याने," मी म्हणाले.

तू खुर्च्या उचलत होतास. हातातली खुर्ची तू खाली ठेवलीस, हे मला आठवतं. बाबांनी पुन्हा कधी मांडव घातला नाही. दोन वर्षांनी गेले.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही.

आपल्या शास्त्रात, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात जवळजवळ त्या कनानी कवीचेच शब्द आहेत. पळणारा साप, वेटोळ्यांचा साप. पण तिथे तो मेलेला नाही. 'त्या दिवशी' देव त्याला मारील, असं आहे. आपल्या लोकांनी साप उसना घेतला आणि त्याचं मरण पुढे ढकललं, कारण समुद्र अजून माणसं नेत होता. म्हणजे बाबा चुकलेले नव्हते. हे मला तेव्हा माहीत होतं, शाल्तिएल. त्याच आठवड्यात वहीत उतरवून घेतलं होतं. दोन वाक्यं बोलायची होती. मला वाद जिंकायचा होता, म्हणून अर्ध्यावर थांबले.

पुढे तीस वर्षं नववीच्या वर्गाला हा भाग शिकवला. घंटा झाली तरी दुसरा अर्धा भाग सांगितल्याशिवाय कोणाला उठू दिलं नाही. पोरं मला कजाग म्हणायची. म्हणोत.

मी श्रद्धाळू झालेली नाही, तसा गैरसमज नको. फक्त हे ओझं आता उचलवत नाही.

शुक्रवारी, २५ तारखेला सकाळी नऊला, कबरस्तानाच्या फाटकाशी. नऊ जण ठरलेत. निसीम म्हणतो, दहावा त्याचा मेहुणा येईल. त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.

अर्धंच सांगणारी तुझी बहीण,
आलेग्रा