इथलं पाणी बरं नाही

१२ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा मालकांना नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. कवळ्या बनवणारा चांगला माणूस आता मिळत नाही असं म्हणाले, आणि माझ्या टेबलाकडे अशा नजरेने पाहिलं की त्या खुर्चीत पुढे कोण बसणार ते त्यांच्या मनात ठरलं असावं. मेअखेर हा परदेश सोडून मी तिकडे असेन. कायमचा.

कुठे राहायचं हा एक प्रश्न होता. ताई म्हणते तिच्या गावी ये, तिच्या मागच्याच रस्त्यावर जागा मिळते आहे. बंदराच्या शहरात माझ्या वर्गमित्राने कवळ्यांची लॅब काढली आहे, तो कधीपासून बोलावतो आहे. मी दोन्हींचा बराच विचार केला आणि मग लक्षात आलं की उगाच करतो आहे. तू एकटी आहेस. मागची खोली रिकामी आहे. मी तुझ्याकडेच येणार, हे उघड आहे.

तेवढा खोलीला रंग काढून घे. खिडकीची झडप पूर्वी फुगायची, ती सुताराला दाखव. माझ्या खाण्यापिण्याची काळजी करू नकोस, मला सगळं करता येतं. अर्थात तू केलंस तर मी काही ताट सरकवणार नाही. संध्याकाळी दोघं बोलत बसू. इतकी वर्षं पत्रात मावलं नाही ते सगळं बोलायचं आहे. घरात फोनही घेऊन टाकू. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी नोकरी केलेल्या बाईच्या घरी फोन नाही असं सांगितलं की इथले लोक हसतात.

बाकी भेटीत. आशीर्वाद आता समोर बसूनच घेईन.

तुझा,
बोळक्या


२९ जानेवारी

चि. बोळक्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू परत येतोस हे वाचून आनंद झाला. तो आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या लक्षात राहील.

इथलं पाणी बरं नाही. एक दिवसाआड येतं आणि येतं तेव्हा गढूळ असतं. तुझं पोट पहिल्यापासून हळवं. घरासमोर रस्ता खणून ठेवला आहे, धुळीने खोकला येतो. मागच्या खोलीला ओल आहे, तिच्यावर रंग टिकायचा नाही. सुतार गाव सोडून गेला. दातांचे डॉक्टर गावात एकच आहेत आणि तेही माश्या मारत बसलेले असतात. इथल्या लोकांचे दात पडले की ते तसेच राहतात.

बंदराच्या शहराबद्दल मी चांगलं ऐकते. हवा मोकळी आहे म्हणतात. तुझा तो मित्रही स्वभावाने बरा. लहानपणी आपल्याकडे यायचा तेव्हा दारात चपला नीट ओळीत काढायचा. ताईचं गावही वाईट नाही. ताईच्या बोलण्याची सवय झाली की तिथे सुखाने राहता येईल.

माझं ठीक चाललं आहे. माझ्यासाठी म्हणून तू काही ठरवू नकोस.

तब्येतीला जप. माया आहे तेवढी आहे, तिच्यात घट धरू नये.

आई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र सोबत पाठवतो आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता ऐक. मी गावातल्या दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, उद्या येत असाल तर आजच या. त्यांच्याकडच्या कवळ्या बाहेरगावी बनून येतात आणि एकीचाही मेळ जबड्याशी बसत नाही. मी पाण्याचं विचारलं. नवी टाकी झाल्यापासून दिवसभर पाणी असतं, नितळ. रस्ता केव्हाच पुरा झाला. सुताराचं विचारलं तर त्याचं दुकान दवाखान्याच्या खालीच निघालं. डॉक्टरांनी खिडकीतून हाक मारली आणि सुतार स्वतः फोनवर आला. तो म्हणाला, आईने त्याला झडपेबद्दल काही सांगितलेलं नाही.

त्याच्याशी बोलताना मला हसू येत होतं. फोन ठेवल्यावर गेलं. ताई, आईला जुनं आणि आताचं यांतला फरक कळेनासा झाला आहे. आमच्याकडे एक आजोबा यायचे. त्यांचं असंच सुरू झालं होतं. स्वतःचीच कवळी घेऊन आले आणि म्हणाले, ही कुणाची तरी माझ्याकडे आली आहे.

आपण काय करत होतो इतके दिवस? माझी मलाच लाज वाटते. आता मी मेपर्यंत थांबत नाही, एप्रिलमध्येच निघतो. तोवर तू एकदा जाऊन ये. तिला कळू न देता बघ आणि खरं काय ते लिही.

मुलांना पापा. तू रागावलीस तरी चालेल, लोभ सोडू नकोस.

बोळक्या


११ मार्च

चि. बोळक्यास,
अ. उ. आ.

जाऊन आले. तुझं डोकं ठिकाणावर आहे का, हे आधी विचारते. आईचं आहे.

गेल्या गेल्या मी तिला आज वार कोणता म्हणून विचारलं. तिने वार सांगितला आणि उलट मलाच विचारलं, तुला विसर पडायला लागलाय का. मग मी जुन्या फोन नंबरांचा विषय काढला. स्टेशन, दवाखाना, आपल्या शेजारची तीन घरं, सगळे नंबर तिने भाजी निवडता निवडता सांगितले. शेवटी आणखी एक सांगितला. कॉलेजात असताना मी वाण्याच्या दुकानातून चोरून एकाला फोन करायचे, त्याचा. ते फोन जोडून देणारी तीच होती म्हणे. जोडून झाल्यावर ती ऐकत बसायची की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तिची परीक्षा घ्यायला मी गेले आणि नापास होऊन आले.

मागच्या खोलीला ओल नाही. भिंत माझ्या टाचेसारखी कोरडी आहे. खोलीत खिडकीशी एक वेताची खुर्ची आहे. एकच. बाकी काही नाही. इथे काय करतेस म्हटलं, तर बसते म्हणाली. मी गमतीने विचारलं, कुणी सद्गृहस्थ वगैरे आहेत की काय. ती म्हणाली, तसं असतं तर बोळक्याला लिहायला सोपं गेलं असतं.

मग मी म्हटलं, आलेच आहे तर रविवारपर्यंत राहते. ती लगेच हो म्हणाली, आवर्जून म्हणाली, गादी उन्हात टाकली. पण तो चेहरा मला ओळखीचा आहे. नणंदा बॅगा घेऊन दारात उभ्या राहिल्या की माझा तसा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलांचं निमित्त सांगून निघाले. ती स्टँडपर्यंत आली. माझा हात धरून ठेवला होता आणि माझ्याकडे बघत नव्हती.

तुला तिच्याबद्दल काय वाटतं आणि तू लवकर निघतो आहेस, हे मी तिला सांगितलं. सांगायला हवं होतं. यापुढचं ती लिहील. एवढंच म्हणते, तू तिला कळवलंस, विचारलं नाहीस. तिकीट काढलं नसशील तर थांब.

माझ्या मागच्या रस्त्यावरची जागा अजून आहे. इथे तुला कंटाळा येईल, पण एकटं वाटणार नाही.

ताई


१५ मार्च

चि. बोळक्यास,
अ. उ. आ.

मला विसर पडत नाही. पाणी दिवसभर येतं. रस्ता चांगला आहे. खोलीला ओल नाही. ते सगळं मी मुद्दाम खोटं लिहिलं आणि खोटं लिहिता येत नसल्यामुळे वाईट लिहिलं. तू तपास करशील हे लक्षात यायला हवं होतं. वेडी समजून तू सोबतीला यायला निघालास, तेव्हा आता खरं लिहिणं भाग आहे.

तू इथे माझ्याबरोबर राहायला येऊ नयेस असं मला वाटतं.

हे वाक्य लिहिलं आणि उठून दार लोटलं. घरात दुसरं कुणी नाही.

तू कारण विचारशील. असतं तर मला इतकी शरम वाटली नसती. तू मला कधी त्रास दिला नाहीस. तुझे वडीलही चांगलेच होते. मी नोकरीभर कानाला यंत्र लावून कोण बोलतंय, कुणाशी बोलायचंय हे विचारत आले. घरी आले की टॉवेल कुठे, भूक कुणाला, किल्ली कुणी नेली. ते वाईट होतं असं नाही. वडील गेले तेव्हा सगळे म्हणाले, रिकामं घर खायला उठेल. मलाही तेच वाटलं होतं. काही महिने उठलंही. मग एका दुपारी मी मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. अंधार पडला तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून मला कुणी काही विचारलेलं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी आजूबाजूला पाहिलं, कुणाला दिसलं तर नाही ना.

संध्याकाळी दोघं बोलत बसू असं तू लिहिलंस. ते वाचून मी दमले. मुलाच्या पत्राने आई दमते, हे कुणाला सांगू? दुसऱ्या बायका मुलगा यायचा म्हणून दारात उभ्या राहतात. तू यावंस, मी तुझ्या आवडीचं करावं, हे मलाही हवं आहे. नंतरचा दिवस आणि त्याच्या नंतरचा दिवस, ते मला जमणार नाही.

तू आजारी पडलास तर इथे ये. मी सगळं करीन. मी पडले तर तुम्हा दोघांना कळवीन, तेवढा ताठा माझ्यात नाही.

राग आला तर राग लिही. समजून घेऊ नकोस. ते मला सोसणार नाही.

लोभ आहे. तो एका घरात राहिल्याने वाढतो असं मला वाटत नाही.

आई


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिचं पत्र आलं. तू ओळखलं होतंस, आणि मला लिहिलं नाहीस हे बरं केलंस. तुझ्याकडून आलं असतं तर मी ते तुझ्या स्वभावावर ढकललं असतं.

आधी राग आला. बसमध्ये, कामावर, मेण तापवताना, सारखा. मग एक गोष्ट घडली. लॅबमधल्या लोकांनी मला निरोप दिला. मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आई म्हातारी आहे, तिच्यासाठी परत जातो आहे. हे सांगितलं की लोकांचा आवाज खाली येतो. मला ते आवडायला लागलं होतं. त्यांनी वर्गणी काढून भेट आणली. उघडली तर घडीची काठी. आईसाठी. मालकांनी ती उघडून, टेकून, चालून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आभाराचे दोन शब्द बोललो. आई रोज बाजारात चालत जाते, हे बोललो नाही.

ताई, लग्न मोडल्यापासून मी इथे ओट्याशी उभा राहून जेवतो. मी घरी आलो की कुठे होतास असं कुणी तरी विचारावं, एवढंच मला हवं होतं. ते मी तिच्या म्हातारपणावर लिहून टाकलं. तिला जे नको झालं होतं, नेमकं तेच मागायला मी निघालो होतो.

मी बंदराच्या शहरात जातो आहे. मित्राला होकार कळवला. तुझ्या गावी येत नाही, म्हणून रुसू नकोस. तू मला रोज विचारशील आणि मला त्याची सवय होईल. आईला चार ओळी लिहिल्या. राग आला आहे असं लिहिलं. ते खरं आहे आणि तिला तेच हवं होतं. बाकीचं तिला लिहिलं नाही.

काठीचं काय करू ते सांग.

तुझ्या मायेचा हक्कदार,
बोळक्या


२ जुलै

चि. बोळक्यास,
अ. उ. आ.

तुझी जागा लागली आणि काम सुरू झालं हे ताईकडून कळलं होतं. तू भेटायला येऊन गेलास, बरं वाटलं.

तुझ्याकडे किल्ली असून तू बेल वाजवलीस. खुर्चीत कडेला बसलास. चहा झाल्यावर कप विसळून ठेवलास. मग तू घड्याळाकडे पाहिलंस आणि त्याच वेळी मीही पाहिलं, आणि ते दोघांनाही दिसलं. आजची रात्र राहा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी ते लाजेने म्हणाले असते आणि तू भिडेने राहिला असतास.

वेगळंच काही लिहायला बसले आहे. समोरच्या वहिनी तुला आठवत असतील. तू गेल्यावर त्या आल्या. मला धीर देऊ लागल्या. परदेशी राहून मुलांची मनं कोरडी होतात म्हणाल्या. इतक्या जवळ येऊनही आईला एकटी ठेवलं, तुमच्यावर काय वेळ आली, वगैरे. सोबत वाटीत काहीतरी गोड आणलं होतं. मी वाटी घेतली आणि त्यांना बोलू दिलं. त्या गेल्यावर खाल्लंही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जिन्यात थांबवलं आणि स्पष्ट सांगितलं. म्हटलं, तो यायला तयार होता, मीच नको म्हटलं. मला एकटं राहायला आवडतं. त्याचा काही दोष नाही. बोळक्या, वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, किती झाकाल त्याचं.

आता सगळ्या इमारतीत हेच आहे. मुलाने टाकलं, तरी ही त्याला नावं ठेवू देत नाही. मी वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगून पाहिलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मी जितकं सांगते तितका तू वाईट ठरतोस आणि मी चांगली. म्हणून सांगणं बंद केलं आहे. येता जाता लोक माझी पिशवी धरतात. मी धरू देते. केलं मी, बोल तुला लागतो, आणि तरीही घरात येऊन दार लावलं की मला बरंच वाटतं. हे तुला कळवायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात ये. दिवस आधी लिहू नकोस, मी असतेच. जिन्यात वहिनी भेटल्या तर आपणहून दोन शब्द बोल. त्या तोंड फिरवतील. तू बोल.

लोभ ठेव, जमेल तेवढा.

आई